हिरोशिमाचे महापौर हमाई आणि समुद्रापलीकडचे हिरोशिमाकर

जॉन हर्सी यांचं 'हिरोशिमा' मी इंग्रजीच्या अभ्यासासाठी म्हणून वाचायला घेतलं आणि एका बैठकीत संपवलं. त्यात बाँबमधून वाचलेल्या सहा माणसांची हकिकत आहे. त्यातले दोघे धर्मसेवक, जर्मन जेझुइट फादर क्लाइनसोर्गे आणि मेथडिस्ट पाद्री कियोशी तानिमोतो. मिशनच्या कॉलेजात शिकणाऱ्याला ही दोन माणसं जवळची वाटणारच. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या डोक्यात जो प्रश्न राहिला तो अगदी घरगुती होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शहराला जेवायला कुणी घातलं? दुकानं जळाली, गोदामं जळाली, दुकानदार आणि गोदामवाले गेले. तरी लाखभर माणसं जिवंत होती आणि जिवंत माणसाला भूक लागतेच.

या प्रश्नाच्या मागे लागलो आणि शिन्झो हमाई या माणसापाशी पोहोचलो. 6 ऑगस्ट 1945 ला ते हिरोशिमा महापालिकेत शिधावाटप खात्याचे प्रमुख होते. आपल्या भाषेत सांगायचं तर रेशन खात्याचे साहेब. पुढे हाच माणूस शहराचा महापौर झाला आणि आज आपण हिरोशिमा म्हटलं की जे डोळ्यांसमोर आणतो, ते उद्यान, ती कमान, तो घुमटाचा सांगाडा, दर 6 ऑगस्टची सभा, यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला त्यांचा हात लागलेला आहे. जपानमध्ये त्यांना अणुबाँबचा महापौर म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

हमाईंचा जन्म 1905 सालचा, हिरोशिमाचाच. तोक्योच्या शाही विद्यापीठात कायदा शिकले. अशी पदवी घेतलेली मुलं तेव्हा केंद्र सरकारच्या मोठ्या खात्यांत जायची. हमाई गावी परतले आणि महापालिकेत नोकरीला लागले. कागदपत्रं नीट ठेवणारा, आवाज न चढवणारा अधिकारी, एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

पण त्यांच्या गावाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिरोशिमा हा बाहेर जाणाऱ्या माणसांचा जिल्हा होता. 1885 साली हवाईच्या उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर पाठवायला जपान सरकारनं सुरुवात केली. 1894 पर्यंतच्या त्या सरकारी योजनेत सुमारे 29 हजार माणसं गेली आणि त्यातली 11 हजारांहून अधिक एकट्या हिरोशिमा प्रांतातली होती. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त, बंदर जवळ. आणि एक शेजारी गेला की त्याच्या पत्रामागून दुसरा जातो, हे गोव्यात वाढलेल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. हवाईनंतर कॅलिफोर्निया, कॅनडा, मग पेरू, ब्राझील. जिथे गेले तिथे त्यांनी आपल्या प्रांताची मंडळं काढली. त्याला जपानीत केनजिनकाई म्हणतात. मुंबईत धोबीतलावाला आपल्या गावांच्या कूडी आहेत ना, बोटीवर जाणारा गावकरी जिथे येऊन ट्रंक ठेवतो आणि गावच्या फेस्ताला तिथूनच वर्गणी निघते, तसंच काहीसं. माणसं तिकडे, पैसा इकडे. मुलांना मात्र शिकायला परत गावी, आजीआजोबांकडे पाठवायचे. त्यामुळे 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमात हजारो अशी तरुण मुलं होती जी अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्यानं अमेरिकन नागरिक होती. ज्या देशाचं विमान आलं त्याच देशाची.

त्या सकाळी हमाई शहराबाहेरच्या बाजूला, घरी होते म्हणून वाचले. तिथून ते महापालिकेच्या इमारतीकडे निघाले. इमारत काँक्रीटची, उभी होती, पण आतून जळत होती. महापौर सेनकिची आवाया आपल्या घरातच गेले. (आवाया ख्रिस्ती होते, श्रद्धावान. कोणत्याही चर्चच्या पटावर नाव नसलेल्या, घरोघरी जमून बायबल वाचणाऱ्या जपानी पंथातले. आपल्या वाचकांना हे सांगावंसं वाटलं.) वरचे अधिकारी गेले किंवा जखमी, आणि शिधावाटप खात्याच्या प्रमुखावर अख्खं शहर येऊन पडलं. आसपासच्या गावांत बायकांनी भात शिजवून मुठीत दाबून गोळे केले, ते ट्रकनं आले. लष्कराची कोरडी बिस्किटं आली. जे आलं ते वाटायचं, यादी ठेवायची, दुसऱ्या दिवसाची सोय बघायची. हमाई जवळजवळ कार्यालयातच राहिले. वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा सुमारे 1 लाख 40 हजार धरला जातो. त्यात सप्टेंबरच्या मध्यात मोठं वादळ आलं, पूर आला आणि हिरोशिमा प्रांतात आणखी दोन हजारांवर माणसं गेली. 75 वर्षं इथे गवतही उगवणार नाही अशी अफवा होती. गवत त्याच वर्षी उगवलं.

वर्षाच्या शेवटी हमाई उपमहापौर झाले आणि एप्रिल 1947 मध्ये, लोकांनी थेट मत देऊन निवडलेले पहिले महापौर. वय 41. त्याच वर्षी 6 ऑगस्टला त्यांनी पहिला शांतता महोत्सव भरवला आणि शांततेचं जाहीर निवेदन वाचलं. ती प्रथा आजही चालू आहे. तेव्हा काही लोक नाराज झाले होते. माणसं मेली त्या जागी महोत्सव कसला, नाचगाणं कसलं, असं त्यांना वाटलं. मला तो राग समजतो.

आता मदतीकडे येतो.

हिरोशिमाला जगानं मदत केली असं आपण सरसकट म्हणतो. ते खरंही आहे. पण जग म्हणजे आधी कोण? माझ्या वाचनातून मला दिसलं ते असं की सगळ्यात आधी हात पुढे करणाऱ्यांत त्यांचेच गेलेले लोक होते. आणि त्या वेळी ते स्वतः कोणत्या अवस्थेत होते ते बघा. 1942 साली अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उचलून वाळवंटातल्या छावण्यांत टाकलं. शेतं गेली, दुकानं गेली. सुटका झाली तेव्हा हातावर 25 डॉलर आणि रेल्वेचं तिकीट ठेवलं. छावणीतून येऊन ज्यांना स्वतःचं अंथरूण घालायला जागा नव्हती त्या माणसांनी काही महिन्यांत जपानसाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. शिचिनोसुके असानो नावाच्या पत्रकारानं सॅन फ्रान्सिस्कोत यासाठी मंडळ काढलं. पण शत्रूदेशाला मदत पाठवायची तर परवानगी हवी. ती मिळाली चर्चसंस्थांमुळे. क्वेकर आणि इतर ख्रिस्ती संस्थांनी मिळून 'लारा' नावाची एक संयुक्त योजना उभी केली. तिच्या मालाचं पहिलं जहाज नोव्हेंबर 1946 मध्ये योकोहामाला लागलं आणि 1952 पर्यंत दुधाची भुकटी, कपडे, औषधं, साबण, अगदी जिवंत शेळ्यासुद्धा येत राहिल्या. त्या मालातला साधारण पाचवा हिस्सा परदेशस्थ जपान्यांनी दिलेला होता, अमेरिकेतल्या, कॅनडातल्या, ब्राझीलमधल्या, अर्जेंटिनातल्या. शाळेत ते दूध पिणाऱ्या मुलांना मात्र ते अमेरिकेचं दूध एवढंच माहीत होतं. आपल्याच चुलत्यानं पाठवलंय हे बहुतेकांना कित्येक वर्षं कळलंही नाही.

हे सगळ्या जपानचं झालं. हिरोशिमासाठी म्हणून हवाईतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या हिरोशिमाकरांनी वेगळी वर्गणी काढली. आता महापौरापुढे प्रश्न आला, आणि इथे मला हमाई या माणसाची खरी ओळख पटते. नातलगांकडून आलेला पैसा माणूस कसा खर्च करतो? छप्पर घालतो, कर्ज फेडतो, पोरीचं लग्न करतो. शहराला तेव्हा छपरं हवी होती हे तर उघडच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हिरोशिमा मंडळाच्या देणगीतून मात्र मुलांसाठी ग्रंथालय उभं राहिलं. आराखडा केन्झो तांगे यांचा. तेच तांगे, ज्यांनी शांतता उद्यानाची स्पर्धा 1949 मध्ये जिंकली होती आणि जे पुढे जगप्रसिद्ध झाले. गोल इमारत, मध्ये एक खांब, तो वर जाताना फुलासारखा उमलून छत होतो, आणि भोवती सगळी काच. 1953 मध्ये ते उघडलं. मी त्याचे जुने फोटो पाहिलेत. आजूबाजूला अजून पत्र्याच्या झोपड्या आहेत आणि मध्ये हे काचेचं फूल, आत खाली वाकून वाचणारी मुलं. ज्या शहरात काचेनं हजारो माणसांची अंगं फाडली होती तिथे मुलांसाठी काचेचं घर बांधायला धीर लागला असणार. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण आज ते ग्रंथालय त्या रूपात नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते पाडलं आणि 1980 मध्ये नवीन बांधलं.

त्याच सुमारास इतर मदतही येत होती. सिएटलचे क्वेकर फ्लॉइड श्मो 1949 मध्ये काही सोबती घेऊन आले आणि स्वतः हातात हातोडा घेऊन बेघरांसाठी घरं बांधू लागले. त्यांच्याबरोबर एमरी अँड्र्यूज नावाचे बाप्टिस्ट पाद्री होते. सिएटलच्या जपानी चर्चचे ते पाद्री. त्यांच्या सगळ्या मंडळीला आयडाहोच्या छावणीत नेलं तेव्हा हे गृहस्थ आपलं बिऱ्हाड उचलून छावणीजवळ राहायला गेले होते. म्हणजे ही मदतसुद्धा परदेशस्थ जपान्यांच्या वाटेनंच आली. फादर लासाल यांनी उभारलेलं कॅथेड्रल 1954 मध्ये पूर्ण झालं. त्याचा ऑर्गन कोलोनहून, घंटा बोखुमहून, दारं ड्युसेलडॉर्फहून आली, म्हणजे बाँबनं स्वतःच उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शहरांकडून. आणि बेसबॉल! शहरानं 1950 मध्ये कार्प नावाचा संघ उभा केला. पैसे नसायचे, तेव्हा मैदानाच्या दारात साकेचं पिंप ठेवून लोक त्यात नाणी टाकत. 1953 साली या संघात फ्रेस्नोहून झेनिमुरा बंधू खेळायला आले. त्यांचे वडील केनिची मूळचे हिरोशिमाचेच. ॲरिझोनाच्या छावणीत त्यांनी काटेरी झुडपं उपटून कैद्यांसाठी बेसबॉलचं मैदान तयार केलं होतं. त्यांचीच ही मुलं हिरोशिमाचा गणवेश घालून मैदानात उतरली.

परत हमाईंकडे येतो. वर्गणीवर शहर उभं राहत नाही हे रेशन खात्यात वाढलेल्या माणसाला कळत होतंच. कर देणारी माणसंच उरली नव्हती. युद्धात जळालेली म्हणून सरकारनं यादीत घेतलेली शहरं 115 होती. त्या रांगेत हिरोशिमा उभं राहिलं असतं तर 115 पैकी एक एवढंच पदरात पडलं असतं. हमाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोक्योच्या खेपा घालून घालून खास कायदा करून घेतला. हिरोशिमा शांतता-स्मारक नगर उभारणीचा कायदा संसदेनं मे 1949 मध्ये मंजूर केला, 7 जुलैला शहरात सार्वमत झालं, मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला आणि 6 ऑगस्टला कायदा लागू झाला. त्यामुळे लष्कराच्या जुन्या सरकारी जमिनी शहराला फुकट मिळाल्या. म्हणजे शांततेचं शहर ही ओळख भावनेतून आली तशी हिशोबातूनही आली. यात मला काही कमीपणा वाटत नाही. भुकेल्यांची यादी ठेवणाऱ्या माणसानं शांततेचीही पावती फाडून घेतली, इतकंच.

जमीन मिळाल्यावर हमाईंनी शंभर मीटर रुंदीचा रस्ता आखला. आगीला आडकाठी म्हणून घरं पाडून मोकळी केलेली ती जागा. बाँब पडला तेव्हा घरं पाडायच्या कामाला लावलेली शाळकरी मुलं अशाच जागांवर होती, आणि शहरात अशी सुमारे सहा हजार मुलं मेली. लोक पत्र्याखाली राहताहेत आणि महापौर विमान उतरेल एवढा रस्ता करतोय, अशी टीका झाली. 1955 च्या निवडणुकीत तादाओ वातानाबे यांनी तो रस्ता निम्मा करून घरं बांधायचं आश्वासन दिलं आणि हमाई पडले. गंमत म्हणजे निवडून आल्यावर वातानाबेंनी रस्ता तसाच ठेवला आणि गावोगावाहून झाडं मागून घेऊन तिथे लावली. आज तिथे सावली आहे.

पण हमाई पडण्याआधीची दोन प्रकरणं सांगायलाच हवीत, कारण परदेशातल्या आपल्या माणसाला हे शहर किती आपलं मानत होतं ते त्यांत दिसतं.

पहिलं इसामु नोगुची यांचं. वडील जपानी कवी, आई अमेरिकन, जन्म लॉस एंजेलिस. युद्धात ते न्यूयॉर्कला राहत होते, त्यांना कुणी छावणीत टाकलं नसतं, तरी ते आपणहून ॲरिझोनाच्या छावणीत जाऊन राहिले. असा हा शिल्पकार. उद्यानाकडे जाणाऱ्या दोन पुलांचे कठडे त्यांनी केले, एक रचण्याच्या अर्थाचा, एक निघून जाण्याच्या अर्थाचा. ते आजही आहेत. मृतांच्या स्मारकाचा आराखडाही त्यांनी केला होता, तांगेंच्या सांगण्यावरून. तो नाकारला गेला. अमेरिकन माणसानं ते स्मारक करू नये, हेच त्यामागचं कारण सर्वत्र मानलं जातं. घाईघाईनं तांगेंनी स्वतःच आताची कमान आखली. कुडीतल्या माणसाकडून वर्गणी चालते, देवळाचा कळस चालत नाही. आपल्याकडेही हे वेगळं नाही.

दुसरं प्रकरण त्या कमानीखालच्या वाक्याचं, आणि हे आपल्या साहित्य मंडळाच्या खास कामाचं आहे. 6 ऑगस्ट 1952 ला स्मारक खुलं झालं. आत मृतांच्या नावांच्या याद्या, बाहेर दगडावर एक ओळ. विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे तादायोशी साइका यांनी ती लिहिली. ते स्वतः बाँबमधून वाचलेले. मृतांना शांतपणे विसावा घ्यायला सांगून, ती चूक पुन्हा केली जाणार नाही असं वचन त्या ओळीत दिलं आहे. पण कुणी करणार नाही? जपानी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि त्या वाक्यात कर्ता लिहिलेलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हिरोशिमाला आले. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल देणारे तेच आपले बंगाली न्यायाधीश. वाक्याचा अर्थ समजल्यावर ते संतापले. बाँब जपान्यांनी टाकला नाही, मग चुकीची कबुली जपान्यांनी का द्यायची, असा त्यांचा मुद्दा. त्यावरून मोठा वाद पेटला आणि तो आजही अधूनमधून पेटतो.

साइकांनी पालांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. हमाईंनी वाक्य बदललं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की जो कुणी त्या दगडासमोर उभा राहून ते वाचेल, तो त्या वाक्याचा कर्ता.

मी हे मराठीत आणायचा प्रयत्न करून पाहिला. मराठीत कर्ता टाळता येतो, पण मग चूकच कर्ता होते, ती पुन्हा होणार नाही, आणि कुणाच्याच डोक्यावर काही राहत नाही. कर्ता घालायचा तर आपल्याकडे इंग्रजीला नसलेली एक सोय आहे. आम्ही आणि आपण. पालांनी ते वाक्य आम्ही असं वाचलं, आम्ही जपानी. हमाई ते आपण असं वाचत होते. आणि मला वाटतं, हा आपण त्यांना कुठल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून मिळाला नसणार. त्यांच्या शहराची कितीतरी कुटुंबं समुद्राच्या दोन्ही बाजूंना वाटलेली होती. एक भाऊ बाँब पडलेल्या गावात, दुसरा बाँब टाकणाऱ्या देशाच्या छावणीत, तिसरा कदाचित त्याच देशाच्या सैन्यात. त्या घरांत आम्ही आणि ते असं बोलायची सोयच नव्हती. हा माझा तर्क आहे, हमाईंनी तसं कुठे लिहिलंय असा माझा दावा नाही.

1959 मध्ये हमाई पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी हिरोशिमानं पहिल्यांदा परदेशातल्या एका शहराशी भगिनी-शहराचं नातं जोडलं आणि ते शहर होतं होनोलुलू. पर्ल हार्बर तिथलंच. युद्ध जिथे सुरू झालं आणि जिथे संपलं ती दोन शहरं हातात हात घेताहेत, असं ते चित्र जगाला दिसलं, आणि दिसावं असंच होतं. पण त्या चित्राखाली 1885 ची बोट आहे. होनोलुलूत हिरोशिमाच्या लोकांच्या तीन पिढ्या नांदत होत्या. जगाची शांतता म्हणून जी सही झाली ती पुष्कळ अंशी चुलतभावांची सही होती. माझी हमाईंबद्दल तक्रार असेल तर ती हीच आहे. जगाला जागा करून देताना घरच्या माणसांचं नाव मागे गेलं. कॅथेड्रलच्या घंटा कुठून आल्या हे सांगितलं जातं, दुधाच्या भुकटीतला पाचवा हिस्सा मात्र पुष्कळ वर्षं कुणी सांगितला नाही.

शेवटचं मोठं काम घुमटाचं. तो पडका सांगाडा ठेवावा की पाडावा यावर शहरात वर्षानुवर्षं दोन तट होते. हमाईसुद्धा आधी ठेवायच्या बाजूचे नव्हते. खर्च मोठा, आणि ते बघून ज्यांच्या जखमा उघड्या पडतात ती माणसं शहरातच राहत होती. पण 1960 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेलेल्या एका 16 वर्षांच्या मुलीची रोजनिशी पुढे आली आणि शाळकरी मुलांनी घुमटासाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली. जुलै 1966 मध्ये महापालिकेनं तो जपायचा ठराव केला. पैसे पुन्हा वर्गणीतून. साठी ओलांडलेला महापौर तोक्योच्या रस्त्यावर पेटी घेऊन उभा राहिला. चार कोटी येन हवे होते, साडेसहा कोटींहून जास्त जमले. देशातून आले तसे परदेशातूनही आले. 1967 मध्ये दुरुस्ती पुरी झाली आणि त्याच वर्षी हमाईंनी पद सोडलं.

26 फेब्रुवारी 1968 ला हिरोशिमातच एका सभेत भाषण करता करता ते कोसळले आणि गेले. 62 वर्षांचे होते.

अमेरिकेत परत गेलेल्या, बाँबमधून वाचलेल्या त्या तरुण मुलांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. बाँबग्रस्तांवर सरकारी खर्चानं उपचार करायचा कायदा जपाननं 1957 मध्ये केला, पण जपानबाहेर राहणाऱ्यांपर्यंत तो पोहोचत नव्हता. आणि अमेरिकेत आपण बाँबग्रस्त आहोत हे सांगायचीही चोरी, विमावाला काय म्हणेल, मालक काय म्हणेल. 1977 मध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांचं पहिलं पथक त्यांना तपासायला कॅलिफोर्नियाला गेलं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी अशी पथकं अमेरिकेला जाऊ लागली.